रुमालाखाली घेतलेला भोपळा

१

दुपारची जेवणं झाली की कल्याणचा बाजार घटकाभर आडवा होतो. तराजू सुद्धा डुलकी घेतो म्हणा ना. त्या वेळी मी दुकानाच्या माळ्यावर चढून सतार घेऊन बसे.

माझं दुकान पारनाक्याच्या अलीकडे. तांदूळ, मीठ, गूळ, नारळ. शाळेचं तोंड मी दोन पावसाळे पाहिलं, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. सतार मात्र कोणी शिकवली नाही. एका कीर्तनकाराचा मुलगा ती गुळाच्या ढेपेवर देऊन गेला. जाताना म्हणाला, "शेट, ढेप तरी संपेल." त्याचा अर्थ मला पुढे कळला. सतार काही केल्या संपत नाही. रोज नव्याने बेसूर निघते.

घरात आम्ही तीन माणसं आणि एक पोपट. माझी बायको कमळाबाई. तिचं प्रत्येक बोलणं "अहो, ऐकलंत का" असं सुरू होई, मग तूप संपलेलं असो की शेजारी आग लागलेली असो. तिचा भाऊ दौलत एका दिवाळीला भाऊबीजेसाठी आला, आणि तेव्हापासून उद्या निघतो आहे. त्याचं बोलणं "मी तर म्हणतो, भावजी" असं सुरू होई आणि संपत नसे. पोपट दुकानाच्या दारात टांगलेला. त्याला मी एकच वाक्य पढवलं होतं, "दिला माल परत नाही." गिऱ्हाइकाशी वाद घालायचं माझं निम्मं काम तो करी.

इतक्या गलक्यात माझी सतार कोणाला ऐकू येणार? तिचा आवाजच मुळात डासाएवढा. माझी तक्रार नव्हती. डासाने बेसूर गायलं तर कोण हटकतो?

तक्रार सुरू झाली ती ठाण्याच्या रघुनाथरावांमुळे. हे वकील, माझे जुने गिऱ्हाईक आणि स्नेही. त्यांनी मुंबईहून आवाज भरून ठेवायचं यंत्र आणलं. मेणाची नळी फिरते, कर्ण्यापुढे आवाज केला की सुई तो मेणात कोरते, आणि पुन्हा सुई लावली की जसाच्या तसा बाहेर येतो. त्यांनी माझ्या माळ्यावर सतार भरून पाहिली. ऐकायला लावली तेव्हा नुसती खरखर, आणि त्यामागे दौलत शिंकला ती शिंक स्पष्ट.

"हरिहरशेट, यंत्र जरा बहिरं आहे," रघुनाथराव म्हणाले. "सतारीचा आवाज वाढवा. मी महिन्याभराने येतो. एकदा मेणात गेलात की तुम्ही गेल्यावरही वाजत राहाल."

"हे आम्हाला आत्ताच सोसत नाही," कमळाबाई आतून म्हणाली.

पण माझ्या मनाने घेतलं.

२

आवाज वाढवायचा कसा, आणि स्वस्तात कसा, यावर मी बराच अभ्यास केला. कोणाला उपयोग होईल म्हणून सांगतो.

पहिल्यांदा सतार पाण्याच्या तांब्याच्या हंड्यावर टेकवून पाहिली. आवाज वाढला, पण देवळात घंटा बडवावी तसा. शिवाय हंडा शोधत कमळाबाई वर आली. मग घासलेटचा रिकामा डबा. आवाज दुप्पट, वास चौपट. नारळाची करवंटी लावली तर सतार बोबडं बोलू लागली. दौलत म्हणाला, "मी तर म्हणतो, भावजी, विहिरीत बसून वाजवा." त्यात आवाजापेक्षा मला विहिरीत बसवण्याची त्याची हौस जास्त होती.

शेवटी काळुराम सुताराकडे गेलो. तो बैलगाड्यांची चाकं करतो आणि सवड असली तर तंबोरे, पखवाजही दुरुस्त करतो.

"शेट, हिला वरच्या टोकाला दुसरा भोपळा लावा," तो म्हणाला. "दांडीला भोक पाडून बसवून देतो. पण भोपळा चांगला वाळलेला पाहिजे. मिरजेकडून मागवावा लागेल." आणि त्याने जी किंमत सांगितली तीत मी मिरजेला जाऊन, जेवून, नवी सतार घेऊन आलो असतो.

आता व्यापाऱ्याची अक्कल कुठे कामाला येते पाहा. तंबोऱ्याचा भोपळा महाग, कारण त्याला तंबोऱ्याचा म्हणतात. तोच वाळका भोपळा आपल्या खाडीकाठी मुलं कमरेला बांधून पोहायला शिकतात, मिठागरावरची माणसं तो काखेत धरून भरतीत पलीकडे जातात. तिथे त्याला कोण विचारतो? मी छकडा जोडला आणि ठाकुर्लीच्या अंगाला खाडीवर गेलो.

३

बांधावर एक आगरी म्हातारा भोपळ्यांचा ढीग घालून बसला होता. नाव म्हणाला नाथा. हातपाय मिठाने चिरलेले, कोरडे ठणठणीत. मी एकेक भोपळा नखाने वाजवून पाहिला. तिसरा की चौथा हातात घेतला तो अगदी हलका, काळपट, मानेला जुन्या दोरीचा वळ पडलेला. टिचकी मारली, आणि असा भरलेला, गोल आवाज आला की माझ्या मनात सतारीची गत वाजू लागली.

चेहरा अर्थात मी कंटाळलेलाच ठेवला. "जुना दिसतो."

"जुना हाय. पन यो भोपला कवा बुडला नाय, शेट."

"आणि त्याला धरून पोहणारी माणसं?"

"तुमी भोपल्याचा इचारलाव," नाथा म्हणाला.

मी हसलो. मिठागरावरची माणसं अशी कोरडी थट्टा करतात.

किंमत विचारली तर त्याने कमरेचा रुमाल सोडून माझ्यापुढे पसरला. मी चकित झालो. रुमालाखालचा सौदा आमच्या दलालांचा, नाहीतर गुरांच्या बाजारातला. चारचौघांना भाव कळू नये म्हणून दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून बोलायचं. जितकी बोटं धरली तितके. तितके काय, आणे की रुपये की शंभर, हे मालावरून समजून घ्यायचं असतं. तोंडाने विचारलंत तर बाजार तुम्हाला कच्चा म्हणतो, आणि कच्च्याला पुन्हा कोणी रुमाल टाकत नाही. पण भोपळ्यासाठी रुमाल? आणि बांधावर आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. भाव लपवायचा कोणापासून?

असो. कोणी रुमाल टाकला आणि मी हात घातला नाही असं झालेलं नाही. आत त्याच्या हाताला हात लागला. गार होता. ओला होता, आणि कातडी पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली. मी तीन बोटं पुढे धरली. मनात अर्थात तीन आणे.

त्या हाताने माझी तिन्ही बोटं एकदा घट्ट आवळली. सौदा पटला.

मी कनवटीला हात घातला, तर नाथाने मान हलवली. "पैसं नको, शेट. तुमी धरलाव त्यो समजला. सवडीन नेऊ."

फुकटात मिळालेल्या वस्तूची चौकशी करू नये, असं मी कायम मानत आलो. भोपळा काखेत मारला आणि छकड्यात बसलो.

४

काळुरामने भोपळा बसवून दिला. बसवताना त्याने कान लावून आत ऐकलं आणि म्हणाला, "शेट, वाळवून आणायचा होता. आत पाणी हलतं." मी हलवून पाहिला. खडखडीत कोरडा.

आणि काय आवाज सांगू. एक तार छेडली तर माळा भरून गेला, आवाज फळ्यांतून खाली उतरला, दुकानातले नारळ सुद्धा ऐकत असावेत असं वाटलं. खोट एकच. तारांवर तळवा ठेवला की सतार गप्प व्हायला हवी ना? ती व्हायची. भोपळा नाही व्हायचा. त्याच्यात आवाज आणखी थोडा चालत राही, एखाद्याने आपलं वाक्य पुरं करून मगच तोंड मिटावं तसा. मी म्हटलं, नवा आहे, मुरेल.

मनसोक्त वाजवून त्या दिवशी खाली आलो तो दुकान चमत्कारिक शांत. गिऱ्हाईक एक कुजका नारळ परत द्यायला उभं होतं आणि पोपट त्याच्याकडे बघून चोच उघडत होता, मिटत होता. पंख फुलवत होता. आवाज नाही. नारळ परत घ्यावा लागला. माझ्या दुकानाच्या इतिहासात तो पहिला.

"मिरची जास्त झाली असेल," मी म्हणालो. कमळाबाईने त्याला पेरू दिला. त्याने खाल्ला, मान वाकडी केली, आणि माळ्याकडे बघत बसला.

५

दौलतचं मात्र मला आधी कळलंच नाही. आता खोटं कशाला सांगू, सकाळी तो जेव्हा काही म्हणाला नाही तेव्हा मला वाटलं आज बाजारात सुट्टी आहे. न्याहारी शांतपणे झाली. मी आंघोळीला गेलो तरी न्हाणीच्या दारातून सल्ला आला नाही. केवढं सुख वाटलं म्हणता.

मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बोट वर करून, मान पुढे काढून, त्याची बोलायची नेहमीची तऱ्हा. ओठ हलत होते. "मी तर म्हणतो" इतकं मला ओठांवरून वाचता आलं. डोळे भरलेले होते.

वैद्यांनी घसा पाहिला, नाडी पाहिली. म्हणाले, घसा लहान मुलासारखा स्वच्छ आहे. "फार वापरलेला असणार. विश्रांती घेत असेल."

हे पटण्यासारखं होतं, म्हणून मी पटवून घेतलं. पोपटाला मिरची लागली, दौलतचा घसा झिजला. व्यापारात दोन गोण्यांत एकाच आठवड्यात किडे निघाले म्हणून कोणी गोदामाला दोष देत नाही.

दुपारी नेहमीप्रमाणे माळ्यावर गेलो. सतार खुंटीला होती, मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. हात लावला नव्हता. भोपळ्यात कोणीतरी अगदी हळू, तोंडातल्या तोंडात, सल्ला देत होतं. शब्द कळत नव्हते. चाल मात्र मी त्या दिवाळीपासून ऐकत आलो होतो.

तिथेच पायरीवर बसलो आणि आपली बोटं पाहिली. एक पोपट. एक दौलत. मी धरली होती तीन.

घरात बोलणारी आता आम्ही दोघंच उरलो होतो. खाली कमळाबाई भांडी घासत होती आणि भांड्यांशी भांडत होती. तिचं भांडण आजवर मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते संपेपर्यंत जिन्यात बसून ऐकलं.

६

भोपळा काढून टाकायला काळुरामकडे जाणार, तोच रघुनाथराव यंत्रासकट दारात. आगगाडीने आले होते, हमालाच्या डोक्यावर कर्णा.

"आज नको, वकीलसाहेब."

"अहो, कोरी नळी आणली आहे. उन्हाने मेण नरम होईल. एकच गत वाजवा."

माणसाची हौस फार वाईट. मी वाजवली. माळ्यावर वकील, मी आणि कर्णा. दौलत जिन्यात बसलेला. कमळाबाई खाली स्वयंपाकघरात. गत संपली, मी तारांवर तळवा ठेवला, आणि भोपळ्याचं राहिलेलं वाक्य पुरं होईपर्यंत यंत्र चालू राहिलं.

मग सगळ्यांना वर बोलावून वकिलांनी सुई लावली. सतार वाजली, आणि काय वाजली. रघुनाथरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गत संपली. क्षणभर खरखर. मग कर्ण्यातून पोपट बोलला, "दिला माल परत नाही."

वकील हसले. लगेच पाठोपाठ, "मी तर म्हणतो, भावजी." दौलत उठून उभा राहिला. कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून आत पाहू लागला.

"नळी जुनी असावी," रघुनाथराव म्हणाले. "तासून नवी म्हणून विकतात चोर. मागचं काहीतरी राहून गेलं."

"मागचं म्हणजे मुंबईच्या दुकानातलं ना?" मी विचारलं. "तिथे दौलत कधी गेला होता?"

तेवढ्यात कर्णा पुन्हा बोलू लागला. फार बारीक, लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. "अहो, ऐक..." एवढंच. पुढे नळी संपली.

"इश्श, हा तर माझा आवाज," कमळाबाई म्हणाली. "पण मी तर खाली होते. तोंडही उघडलं नाही."

हे ती कुजबुजत म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं.

"घशाला काय झालं तुझ्या?"

"सकाळी मिरच्या कांडल्या ना. बसलाय जरा." घसा खाकरून तिने पुन्हा प्रयत्न केला. पहिले दोन शब्द आले, बाकीचे नुसतेच ओठांवर आले.

मी सतार तिथेच टाकली आणि जिना उतरलो.

७

अनवाणीच खाडीवर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. नाथा तिथेच होता, बांधावर, ढिगाशेजारी. ढीग आता मोठा झाला होता.

"नाथा, भोपळा परत घे. वरून काय हवं ते माग. तांदूळ माग, गूळ माग. वर्षभर मीठ तुझ्याकडून घेईन."

नाथाने तोंड उघडलं नाही. ढिगाच्या आतून, कुठल्यातरी भोपळ्यातून, माझा पोपट म्हणाला, "दिला माल परत नाही."

हे वाक्य गिऱ्हाइकाच्या बाजूने कसं लागतं हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मी बांधावर बसलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या गरजेवर भाव ठरवला. आज गरज माझी होती आणि ती माझ्या तोंडावर लिहिलेली होती. असा सौदा माणूस हरतोच. हरायचं ठरलं की निदान काय हरायचं ते तरी आपण ठरवावं, एवढीच अक्कल मला त्या उन्हात सुचली.

"रुमाल टाक," मी म्हणालो.

त्याने रुमाल टाकला. मी उजवा हात आत घातला. गार, ओला हात तिथे आधीच होता. डावा हात मी आपल्या गळ्यावर ठेवला, नाथाला दिसेल असा, आणि रुमालाखाली एक बोट पुढे केलं. तिचं नको. हे घे.

आतला हात विचार करत होता. माझ्या बोटाच्या पेरांवरून सावकाश फिरत होता, धान्याचा नमुना बघावा तसा. मग त्याने बोट धरलं आणि आवळलं.

त्याच वेळी माशी बसली म्हणून की काय, नाथाने आपले दोन्ही हात वर नेले, डोईचं फडकं सोडलं आणि पुन्हा नीट आवळून बांधलं. दोन्ही हात. कोरडे, मिठाने चिरलेले.

रुमालाखाली माझं बोट घट्ट धरलेलं होतं.

रुमाल उचलून बघावं असं मला वाटलं नाही. ज्यांना मला भेकड म्हणायचं असेल त्यांनी ठाकुर्लीला जाऊन स्वतः उचलावा.

८

घरी आलो तो कमळाबाई उंबऱ्यातच उभी. माझी धूळ, घाम, अनवाणी पाय सगळं तिने एका नजरेत मोजलं.

"अहो, ऐकलंत का, वकील वाट बघून गेले. ही काय तऱ्हा? कुठे होतात?"

खणखणीत. शेजारच्या आळीत ऐकू जाईल असा. मी उंबऱ्याला टेकलो. एवढा गोड आवाज मी कुठल्याही वाद्यातून ऐकलेला नाही. म्हटलं, सांगावं तिला. तोंड उघडलं.

"आलो, आलो," माझा आवाज म्हणाला. वरून. माळ्यावरून.

कमळाबाईने सवयीने जिन्याकडे मान वळवली, "वर काय करताय..." म्हणाली, आणि मग हळूच पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून घेतलं.

सतार आम्ही त्याच दिवशी गोणपाटात गुंडाळली आणि मिठाच्या गोण्यांमागे ठेवली. मीठ आवाज शोषतं असं काळुराम म्हणतो. थोडाफार शोषतं. तरी दुकानात गिऱ्हाईक आलं की मागून कोणीतरी अदबीने म्हणतं, "या, बसा." गिऱ्हाइकं बसतात.

कल्याणभर असं झालं आहे की हरिहरशेटने टिटवाळ्याच्या गणपतीला मौन बोललं. लोक पायाही पडतात. धंदा वाढला, कारण गप्प माणसाशी घासाघीस करता येत नाही. दौलतने पाटी घेतली आहे. दिवसभर तिच्यावर "मी तर म्हणतो" लिहितो आणि पुढचं लिहायला जागा उरत नाही. कमळाबाई आम्हा तिघांच्या वाटचं बोलते, पोपट धरून. मी सगळं ऐकतो. सौदा महाग पडला असं मला वाटत नाही.

एकच गोष्ट लिहायची राहिली. रुमालाखालचा सौदा पुरा झाला की दोघांनी एकदमच हात सोडायचा, अशी रीत आहे. त्या दिवशी मी सोडला होता.

परवा जेवून उठलो आणि पंच्याला हात पुसत होतो. पंच्याच्या घडीत कोणीतरी माझी बोटं धरली. गार, ओली. मी हललो नाही. समोर कमळाबाई ताटं उचलत होती आणि तूप संपल्याचं सांगत होती.

आतल्या हाताने दोन बोटं दाबली, आणि उत्तराची वाट पाहत थांबला.

या खेपेला बाजार मला कच्चा म्हणाला असता तरी चाललं असतं. या खेपेला मी विचारणार होतो, दोन म्हणजे दोन काय.

मी तोंड उघडलं.

"मान्य," मिठाच्या गोण्यांमागून माझा आवाज म्हणाला.